‘डॉग’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे पोरांची इंग्रजीशी ओळख होते तीच ‘सी फॉर कॅट, डी फॉर डॉग’ने. इतका साधा, इतका ओळखीचा शब्द. मी शब्दांच्या मुळांबद्दल लिहिते, बोलते, आणि मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते या शब्दाबद्दलच. पुन्हा पुन्हा तेच विचारलं जातं म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. इंग्रजी शब्दाबद्दल लिहिताना मराठीत बरंच शिरावं लागलं. का, ते पुढे कळेलच.

एका वाक्यात सांगा, ‘डॉग’चं मूळ काय?

जुन्या इंग्रजीतला ‘डोग्गा’. त्याच्या मागे वाट बंद होते.

इंग्रजीतल्या बहुतेक रोजच्या शब्दांना भावंडं असतात. ‘मदर’ला जर्मनमध्ये ‘मुटर’ आहे, लॅटिनमध्ये ‘मातेर’ आहे, संस्कृतात ‘मातृ’ आहे. ‘डॉग’ला असं कोणी नाही. आजूबाजूच्या कुठल्याच भाषेत त्याचं सख्खं भावंड सापडत नाही. फ्रेंच ‘डोग’, स्पॅनिश ‘डोगो’, जर्मन ‘डॉगे’ हे शब्द आहेत खरे, पण ते इंग्रजीतूनच तिकडे गेले, तेही दांडग्या, राखणीच्या कुत्र्यांबरोबर. आपण ज्याला ग्रेट डेन म्हणतो त्याला जर्मन लोक ‘डॉइचे डॉगे’ म्हणतात, ते यामुळेच.

हा शब्द पहिल्यांदा कुठे लिहिलेला दिसतो?

अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. प्रुडेंटियस या लॅटिन कवीच्या काव्याचं एक हस्तलिखित आहे. लॅटिन अवघड जाणाऱ्या वाचकासाठी कोणीतरी शब्दांचे अर्थ जुन्या इंग्रजीत लिहून ठेवले आहेत, अगदी आपण शाळेच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहायचो तसे. त्यात ‘कानुम’, म्हणजे ‘कुत्र्यांचा’, या लॅटिन शब्दासाठी ‘डोग्गेना’ असं लिहिलंय. ज्या शब्दाने पुढे सगळं जग कुत्र्याला ओळखू लागलं, त्याची आपल्यापर्यंत पोचलेली सुरुवात एवढीशी आहे: कोणीतरी दुसऱ्याला समजावं म्हणून केलेली एक टीप.

लिखाणात तो इतका कमी दिसतो याचा अर्थ तो बोलण्यात नव्हता असा नाही. तो बोलण्यातला, गोठ्या-अंगणातला शब्द असावा. लिहिणारे मठात बसून लिहीत, आणि लिहिताना त्यांच्या हातून जुना, प्रतिष्ठित शब्द उतरे.

मग तो जुना शब्द कोणता?

‘हुंड’. आजचा ‘हाउंड’. जर्मनमध्ये आजही कुत्रा म्हणजे ‘हुंड’, डचमध्ये ‘होंड’, स्वीडिशमध्ये ‘हुंड’. इंग्रजीही याच घरची. जुन्या इंग्रजीत कुठलाही कुत्रा, दारातला असो की राजाच्या शिकारखान्यातला, ‘हुंड’च होता. ‘हूस’चं ‘हाउस’ झालं, ‘मूस’चं ‘माउस’ झालं, तसं ‘हुंड’चं ‘हाउंड’ झालं. (हा ‘मूस’ म्हणजे संस्कृतातला ‘मूष’, आपल्या मूषकातला. तो शब्द इंग्रजांनी टाकला नाही, कुत्र्याचा मात्र बदलला.)

आणि हा ‘हुंड’ आपला सख्खा आहे. तो म्हणजे संस्कृत ‘श्वन्’.

‘श्वन्’ आणि ‘हाउंड’ एकच? ऐकायला तर काहीच सारखं वाटत नाही.

वाटत नाही, म्हणूनच हे पटवून घ्यायला मजा येते.

एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांमध्ये ध्वनी कसेही बदलत नाहीत, नियमाने बदलतात. मुळातला एक विशिष्ट ‘क’सारखा ध्वनी संस्कृतात ‘श’ झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात ‘ह’ झाला. म्हणून संस्कृतात ‘श’ असेल तिथे इंग्रजीत ‘ह’ शोधायचा. ‘शतम्’ आणि ‘हंड्रेड’. ‘शृंग’ आणि ‘हॉर्न’. ‘श्वन्’ आणि ‘हाउंड’. लॅटिनमध्ये तो ‘क’च राहिला, म्हणून तिथे शंभर म्हणजे ‘केंतुम’ आणि कुत्रा म्हणजे ‘कानिस’. जर्मन बाजूचे हे बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये पद्धतशीर मांडले. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू, त्यांतले थोरले.

‘श्वन्’चं रूप बदललं की ‘शुन’ होतं. ‘शुनः’ म्हणजे कुत्र्याचा. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या शुनःशेपाच्या नावात तोच आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात गाय, हत्ती यांच्यानंतर ‘शुनि’ येतं, ते म्हणजे ‘कुत्र्याच्या ठायी’. संस्कृत घेतलेल्यांना पाणिनीचं ते सूत्रही आठवेल, ज्यात श्वन्, युवन् आणि मघवन् या तिघांची रूपं एकत्र सांगितली आहेत. त्यावर एक सुभाषितच आहे: काच, मणी आणि सोनं एकाच सुतात का ओवतेस असं मुलीला विचारलं, तर उत्तर येतं की सर्वज्ञ पाणिनीनेसुद्धा कुत्रा, तरुण आणि इंद्र एकाच सूत्रात गुंफले ना!

भावंडं आणखीही आहेत. ग्रीकमध्ये ‘कुऑन’, जुन्या आयरिशमध्ये ‘कू’, लिथुएनियनमध्ये ‘शुओ’. काश्मिरीत कुत्रा म्हणजे ‘हून’. काश्मिरीतही ‘श’चा ‘ह’ झाला, स्वतंत्रपणे, आणि शब्द जर्मन ‘हुंड’च्या शेजारी जाऊन बसला.

मग ‘डॉग’ने ‘हाउंड’ला हटवलं कसं?

हळूहळू, तीन-चारशे वर्षांत. मध्ययुगात ‘डॉग’ म्हणजे बहुतेक करून जाडजूड, ताकदीचा, साखळीला बांधायचा कुत्रा. सरदारांच्या शिकारीत धावायचे ते ‘हाउंड’. मग ‘डॉग’ पसरत गेला आणि ‘हाउंड’ आकसत गेला. सोळाव्या शतकापर्यंत अदलाबदल पुरी झाली होती: ‘डॉग’ म्हणजे कुठलाही कुत्रा, ‘हाउंड’ म्हणजे फक्त शिकारी.

याचा पुरावा शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये आहे. नाटक साधारण १६०६ सालचं. तिसऱ्या अंकात मॅकबेथ मारेकऱ्यांना सुनावतो की तुम्हीही माणसांतच मोडता, जसे हाउंड, ग्रेहाउंड, मंग्रेल, स्पॅनियल, कर असे सगळे प्रकार ‘डॉग’ या एकाच नावाखाली येतात. म्हणजे शब्दांची उतरंड उलटली होती. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी ‘डोग्गा’ हा ‘हुंड’चा एक प्रकार असता, आता ‘हाउंड’ हा ‘डॉग’चा एक प्रकार झाला.

मुधोळच्या कुत्र्याला ‘हाउंड’ का म्हणतात?

वरच्याच कारणाने. मुधोळ हाउंड किंवा कारवान हाउंड ही लांब पायांची, सडपातळ, नजरेने सावज हेरून धावत गाठणारी शिकारी जात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी ती जोपासली. इंग्रजांनी तिला नाव दिलं तोवर ‘हाउंड’चा अर्थ शिकारी कुत्रा एवढाच उरला होता, आणि तो इथे चपखल बसला. गावाकडे मात्र ‘कारवानी’ म्हणायचं, पुढे काही लावायची गरज पडत नाही.

‘डॉग’च्या मुळाबद्दल विद्वानांचे काही अंदाज असतीलच ना?

आहेत, आणि त्यांतला एक मला मनापासून आवडतो.

जुन्या इंग्रजीत प्राण्यांच्या नावांचा एक घोळका आहे, सगळे ‘ग्गा’ने संपणारे. ‘फ्रोग्गा’ म्हणजे बेडूक, आजचा फ्रॉग. ‘स्टाग्गा’, आजचा स्टॅग. ‘पिग्गा’, आजचा पिग. ‘विग्गा’ म्हणजे किडा. ही लाडाची, घरगुती नावं दिसतात, आपण वासराला ‘वासरू’ म्हणून भागवत नाही, ‘ढवळ्या’, ‘पवळ्या’ करतो तशी. ‘डोग्गा’ या घोळक्यात नेमका बसतो.

मग ‘ग्गा’च्या आधीचा भाग काय? पोलिश भाषाशास्त्रज्ञ पिओतर गोंशोरोव्स्की यांनी २००६ मध्ये असं मांडलं की तो ‘डॉक्स’ असावा, म्हणजे काळपट, मळकट रंगाचा. तसं असेल तर ‘डॉग’चा मूळ अर्थ ‘काळ्या’! महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत ‘काळ्या, यू यू यू’ अशी हाक मारून बघा, एक तरी शेपूट हलेल. हा अंदाजच आहे, सर्वमान्य झालेला नाही. पण माणसं कुत्र्याला नाव कसं ठेवतात हे पाहिलं, तर तो अगदी माणसाळलेला अंदाज आहे.

आपला ‘कुत्रा’ तरी संस्कृतातून आला आहे का?

हा प्रश्न लोक सहज विचारतात, आणि मला इथेच सगळ्यात जास्त सांगायचं असतं.

अमरकोश हा संस्कृताचा जुना शब्दकोश उघडा. कुत्र्याची नावं तिथे ओळीने दिली आहेत: कौलेयक, सारमेय, कुक्कुर, मृगदंशक, शुनक, भषक, श्वा. ‘कुत्रा’ त्यांत नाही. हिंदीत ‘कुत्ता’, गुजरातीत ‘कूतरो’, सिंधीत ‘कुतो’, म्हणजे शब्द उत्तर-पश्चिम भारतभर पसरलेला. पण तो कुठल्याही प्रतिष्ठित संस्कृत शब्दातून नियमाने निघत नाही. कुत्र्याला बोलावताना तोंडाने जो आवाज काढतात त्यातून तो तयार झाला असावा असं अभ्यासक मानतात. एका विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं की संस्कृतात ‘कुत्र’ म्हणजे ‘कुठे’, म्हणून कुठेही भटकतो तो कुत्रा. कल्पना छान, पण ध्वनी जुळले एवढ्यावर नातं ठरत नाही.

मग ‘श्वन्’चं मराठीत काय झालं? ‘शुनक’चं प्राकृतात ‘सुणअ’ झालं आणि जुन्या मराठीत ‘सुणें’. हा अस्सल, पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात आलेला शब्द. ‘श्वान’ तसा नाही. तो नंतर पोथीतून पुन्हा उचललेला. बोलत्या मराठीने ‘सुणें’ सोडलं आणि ‘कुत्रा’ धरला, थेट इंग्रजीसारखं. तिकडे ‘हुंड’ गेला आणि बिनबापाचा ‘डोग्गा’ आला, इकडे ‘सुणें’ गेलं आणि ‘कुत्रा’ आला. दोन भाषांमध्ये हजारो मैलांचं अंतर, आणि प्राणी तोच, गोष्टही तीच.

पण कोकणीने ‘सुणें’ सोडलं नाही. म्हापशाच्या बाजारात एका मासळीवालीच्या पाटीशेजारी एक तांबडा कुत्रा पसरला होता. मी जरा बिचकून थांबले, तशी ती म्हणाली, “भिऊं नाका, सुणें चाबना.” मासे राहिले बाजूला, मी तो शब्दच घेऊन घरी आले. पाणिनीच्या सूत्रातला ‘श्वन्’ मासळीबाजारात जिवंत होता.

आणि मराठीतही तो पुरता गेलेला नाही, जंगलात लपला आहे. ताडोब्यात वाटाडे ज्याला रानकुत्रा म्हणतात त्याचं जुनं मराठी नाव कोळसुणा, कोळसून किंवा कोळसुंदा. त्यातला ‘सुणा’ म्हणजे हाच. कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या प्राण्यांची नोंद केली तेव्हा या प्राण्याचं ‘मराठ्यांचा कोलसून’ असं नावही टिपलं. १८३८ मध्ये ब्रायन हॉजसन यांनी त्याच्या प्रजातीला शास्त्रीय नाव दिलं ‘क्युऑन’. हे नाव ग्रीक ‘कुऑन’वरून घेतलेलं, म्हणजे पुन्हा ‘श्वन्’चंच भावंड. एकाच जनावराच्या लॅटिन पाटीवर आणि मराठी नावात तोच एक शब्द दोन वेगवेगळ्या वाटांनी येऊन बसला आहे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

असं फक्त इंग्रजी आणि मराठीतच झालं का?

नाही. स्पॅनिशमध्ये लॅटिनकडून आलेला ‘कान’ होता, त्याला ‘पेर्रो’ने मागे टाकलं, आणि ‘पेर्रो’चं मूळही कोणाला नक्की सांगता येत नाही. हंगेरियनमध्ये ‘एब’ला ‘कुत्या’ने मागे टाकलं.

‘कुत्या’ वाचून दचकू नका. हंगेरियन ही वेगळ्याच कुळातली भाषा आहे, आणि हा शब्दही हाक मारण्याच्या आवाजातून आलेला मानतात. कुत्र्याला आपण रोज हाक मारतो, ‘छू’ म्हणून अंगावर सोडतो, ‘हाड हाड’ करून हाकलतो. तोंडातले हे आवाजच नाव होऊन बसतात. गाय, घोडा, मेंढी यांच्यापेक्षा कुत्र्याच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण त्याच्याशी आपण सारखं बोलत असतो.

दोन भाषांत शब्द हुबेहूब सारखा असेल तर नातं नक्की ना?

मुळीच नाही, आणि याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कुत्र्याचंच आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उत्तर भागात, म्बाबारम नावाची भाषा होती. १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन यांनी ती भाषा येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना कुत्र्यासाठी शब्द विचारला. उत्तर आलं, ‘डॉग’. डिक्सनना वाटलं, हे इंग्रजीच सांगताहेत. पण तो खरोखर म्बाबारम शब्द होता. शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुदागा’, डिरबलमध्ये ‘गुदा’. म्बाबारममध्ये ‘गुदागा’ची सुरुवात गळाली, शेवट गळाला, स्वर बदलला आणि उरला ‘डॉग’. इंग्रजीशी काडीचाही संबंध नाही.

‘श्वन्’ आणि ‘हाउंड’ वेगळे दिसतात पण एक आहेत. ‘डॉग’ आणि ‘डॉग’ एक दिसतात पण परके आहेत.

‘डॉग’ उलटं वाचलं की ‘गॉड’ होतं. यात काही अर्थ आहे का?

स्पेलिंगचा योगायोग आहे. ‘डोग्गा’ उलटा वाचून ‘गॉड’ होत नाही, आणि जर्मनमध्ये ‘हुंड’ उलटवून ‘गॉट’ मिळत नाही. ‘गॉड’चं मूळ बहुतेक अभ्यासक ‘ज्याला आवाहन केलं तो’ या अर्थाच्या शब्दाशी, संस्कृत ‘हूत’शी जोडतात.

‘बिच’ ही शिवी की साधा शब्द?

आधी साधा शब्द, मग शिवी. जुन्या इंग्रजीत ‘बिच्चे’ म्हणजे कुत्री. बाईमाणसासाठी अपशब्द म्हणून तो मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून वापरात आहे. कुत्री पाळणाऱ्यांच्या जगात मात्र तो अजून अगदी स्वच्छ आहे. तिथे ‘डॉग’ म्हणजे फक्त नर. डॉग शोमध्ये नरांचे आणि माद्यांचे गट वेगळे असतात आणि फलकावर ‘डॉग’, ‘बिच’ असंच लिहिलेलं असतं. एका दवाखान्यात मी बसले असताना एक आजी आपल्या चिंगीचा फॉर्म भरत होत्या. ‘डॉग की बिच’ हे वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आमच्या चिंगीला असं लिहायचं नाही.” कंपाउंडरने निमूट ‘फीमेल’ लिहिलं. आजींचं काही चुकलं नाही. शब्दाला एकदा डाग लागला की मूळ अर्थ दाखवून तो धुऊन निघत नाही.

पपी, मट, मंग्रेल, कर: हे सगळे कुठून आले?

‘पपी’ फ्रेंच ‘पुपे’वरून, म्हणजे बाहुली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तेव्हा बड्या घरच्या बायकांच्या मांडीवरचा छोटा कुत्रा असा अर्थ होता. पिल्लाला तेव्हा ‘व्हेल्प’ म्हणत. बाहुलीचाच ‘पपेट’ही झाला.

‘मट’ अमेरिकेतला, १९००च्या आसपासचा. ‘मटनहेड’, म्हणजे मेंढीच्या डोक्याचा, ठोंब्या, याचं तोडकं रूप. आधी माणसाला म्हणत, मग संमिश्र जातीच्या कुत्र्याला. ‘मंग्रेल’मध्ये मिसळ या अर्थाचा जुना शब्द आहे, ‘अमंग’मध्ये आहे तोच. ‘कर’ बहुधा गुरगुरण्याच्या आवाजावरून.

आपल्या गावठी कुत्र्याला ‘पारिया डॉग’ म्हणावं का?

मी म्हणत नाही. तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे एक प्रकारचा ढोल. तो वाजवणाऱ्या समाजाचं नाव परैयर. वसाहतीच्या काळात युरोपीय लोकांनी ते नाव ‘पारिया’ असं उचललं, ‘वाळीत टाकलेला’ असा अर्थ त्याला चिकटवला आणि मग बेवारस कुत्र्यालाही लावलं. माणसांच्या एका समाजाचं नाव असं कुत्र्यावर जाऊन पडलं. शास्त्रीय लिखाणात हा शब्द अजून भेटतो, पण आता ‘इंडॉग’ हा शब्द रुळतो आहे, आणि मराठीत आपल्याकडे ‘गावठी’ आहेच.

‘डॉग डेज’ म्हणजे काय?

युरोपातले जुलै-ऑगस्टचे कडक उन्हाचे दिवस. त्या सुमारास व्याधाचा तारा सूर्याच्या जवळून बाहेर पडून पहाटे पुन्हा दिसू लागतो. ग्रीक आणि रोमन लोक त्याला मृगनक्षत्रातल्या शिकाऱ्याचा कुत्रा मानत आणि उष्म्याचं खापर त्याच्यावर फोडत. तारा तोच, पण त्यांनी त्यात शिकाऱ्याचा कुत्रा पाहिला आणि आपण खुद्द शिकारी. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस असतो, म्हणून हा वाक्प्रचार मराठीत शब्दशः आणण्यात अर्थ नाही.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आणि ‘हॉट डॉग’?

पहिला सतराव्या शतकापासून आहे. गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून पडायची, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट खोटी आहे. ‘हॉट डॉग’ १८९०च्या दशकात अमेरिकेत छापून येऊ लागला. सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस असतं या तेव्हाच्या थट्टेतून.

मराठीत लिहिताना ‘श्वान’ लिहावं की ‘कुत्रा’?

‘श्वानपथक’ रुळलेला आहे, तो राहू द्या. बाकी ‘कुत्रा’ लिहा. ‘श्वान’ लिहिल्याने कुत्र्याचा मान वाढत नाही आणि ‘कुत्रा’ लिहिल्याने कमी होत नाही. दवाखान्यांच्या फलकांबद्दल तर माझं ठाम म्हणणं आहे. एका तालुक्याच्या ठिकाणी मी ‘श्वानदंश प्रतिबंधक लस उपलब्ध’ असा फलक पाहिला, आणि त्याच्याच खाली पोटरीला फडकं बांधलेला एक माणूस दुसऱ्याला विचारत होता, “कुत्रं चावल्याचं इंजेक्शन कुठं मिळतं हो?”